रेडिएटर बदलूनही पाणी कमीच होतंय? जुन्या गाडीची कूलिंग सिस्टीम मुळापासून नीट करताना

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. गाडी पंधरा वर्षांच्या आसपासची किंवा त्याहून जुनी, म्हणजे ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका यांपैकी एखादी. रेडिएटर गळायला लागला म्हणून नवा टाकला. वर्ष उलटत नाही तोच नव्याच्याही कडेला ओल दिसते, बाटलीतलं पाणी खाली जातं आणि ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढतो. मेकॅनिक म्हणतो माल हलका होता, दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं. कधी कधी यातलं एक खरंही असतं. पण पुन्हा पुन्हा गळती होत असेल तर कारण सहसा रेडिएटरच्या बाहेर असतं. या साखळीत सर्वांत पातळ पत्रा रेडिएटरचा. दाब जास्त झाला, पाण्यात क्षार असले, अर्थिंग बिघडलं किंवा इंजिनातला वायू पाण्यात शिरला, तर पहिला मार त्यालाच बसतो. ते कारण न शोधता तिसरा रेडिएटर टाकला तर तोही टिकणार नाही.

आधी लक्षात घ्या: गाडी तापते कुठे?

हे नेमकं सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं. ठाण्या-नवी मुंबईत त्यासाठी रस्तेही सोयीचे आहेत.

माजिवडा ते गायमुख घोडबंदर रोडवर रांगत जाताना काटा चढतो आणि ठाणे-बेलापूर रोडवर ५०-६०च्या वेगाला लागलं की उतरतो, तर दोष हवेचा आहे. पंखा, थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा लावणारा स्विच), फुटलेला किंवा काढून ठेवलेला काउल (पंख्याभोवतीचं आवरण), नाहीतर एसीच्या कंडेन्सरमध्ये आणि जाळीत बसलेला चिखल. रेडिएटर गळत नसेल तर या तक्रारीसाठी तो बदलू नका.

उलट, गर्दीत ठीक राहते पण मुंब्रा बायपासच्या चढावर किंवा मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही असं समजा. आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), पंपाची झिजलेली पाती, किंवा पंपाच्या ओढीने आत चेपणारा खालचा होज (रबरी नळी).

गाडी कुठेच तापत नाही, पण पाणी मात्र कमी होतं, तर गळती लहान आहे किंवा रेडिएटरची कॅप दाब धरत नाही. आणि थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर रेडिएटरच्या दुकानात जाण्याआधी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, तपासा.

काट्यावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. पाणी फार खाली गेलं की काट्याचा सेन्सर पाण्याबाहेर वाफेत राहतो आणि काटा नॉर्मल किंवा त्याहूनही खाली दिसतो. गाडी तापलेली असताना काटा एकदम खाली आला आणि हीटरमधून गार वारा येऊ लागला, तर इंजिन थंड झालेलं नसतं, पाणी संपलेलं असतं. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

गळती शोधणं

हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी करा. गरम इंजिनाची कॅप उघडू नका. आत दाब असतो तोवर १०० अंशांवरचं पाणीही उकळत नाही. कॅप सैल होताच दाब जातो, त्याच क्षणी ते वाफ होऊन उसळतं आणि चेहरा-हात भाजतात.

खात्रीचा मार्ग म्हणजे हातपंपाचा प्रेशर टेस्टर. वागळे इस्टेट, तुर्भे भागातल्या बऱ्यापैकी गॅरेजमध्ये तो मिळतो. कॅपच्या जागी तो लावायचा, कॅपवर कोरलेल्या आकड्याएवढाच दाब द्यायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. टेस्टरचा काटा हलला नाही तर बाहेर गळती नाही. जास्त दाब देऊन "बघू कुठून फुटतंय" असं करू नका, धडधाकट जुनी प्लॅस्टिक टाकीही त्याने तडकते.

टेस्टर नसेल तर डाग शोधा. कुलंट वाळलं की मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खपली राहते. प्लॅस्टिकची टाकी आणि अल्युमिनियमची जाळी जिथे दुमडून जोडलेली असते ती पूर्ण कड बघा. होजचं तोंड, ड्रेन प्लग, थर्मोस्विचचं वॉशर बघा. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, तिथून ओघळ असेल तर पंपाचं सील गेलं आहे. ते छिद्र एम-सीलने बुजवलेल्या गाड्या दिसतात. असं केल्याने गळती बेअरिंगकडे वळते आणि पंप जाम होतो. इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या डमी, म्हणजे वाटीसारखी बुचं, गंजून झिरपतात. त्या एक्झॉस्टच्या आड असल्याने पाणी तिथेच वाळतं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही.

डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं असेल, काचेवर आतून चिकट धुकं येत असेल, गोडसर वास येत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे. एसीच्या नळीतून पडणारं पाणी आणि हे पाणी यांत गफलत होते. एसीचं पाणी बिनवासाचं आणि बोटाला साधं लागतं, कुलंट बुळबुळीत लागतं. चाखून बघू नका, विषारी असतं.

हेड गॅस्केटसाठी: थंड इंजिन, कॅप काढलेली, पाणी तोंडापर्यंत. इंजिन चालू करून बघत राहा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात आणि थांबतात, ती अडकलेली हवा. न थांबता येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. पक्कं करायला निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात आणि जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. गॅस्केट गेलेलं असताना नवा रेडिएटर टाकणं म्हणजे त्याची कड फोडण्याची सोय करणं.

कॅप: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित

नवा रेडिएटर गळण्यामागे चुकीची कॅप हे कारण इतक्या वेळा निघतं की त्यावर थोडं थांबायलाच हवं.

कॅप दोन कामं करते. मोठी स्प्रिंग ठरावीक दाब होईपर्यंत पाणी आत धरून ठेवते आणि त्यापुढचं बाटलीत सोडते. मधला छोटा व्हॉल्व्ह इंजिन थंड होताना उघडतो आणि बाटलीतलं पाणी परत आत घेतो. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांच्या कॅपवर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे साधारण ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एवढ्या दाबाला साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग थकली, की हा फायदा गेला. मग बाकी सगळं ठीक असलेली गाडीही गर्दीत उकळते आणि दोष रेडिएटरवर जातो.

याच्या उलट प्रकार जास्त महागात पडतो. ०.९ची कॅप मिळाली नाही म्हणून १.१ किंवा त्याहून वरची बसवली, तर जुने होज, हीटरची जाळी आणि टाकीची कड हे सगळं रोज जास्त दाबाखाली राहतं. "जास्त दाबाची म्हणजे चांगली" हा समज चुकीचा आहे. आकडा मूळ कॅपचा किंवा गाडीच्या पुस्तकातला घ्या. कॅपच्या आतल्या भागाची खोलीही जुळवून बघा. दिसायला सारख्या कॅप्समध्ये ती कमी-जास्त असते, आणि रबर बैठकीवर नीट टेकलं नाही तर आकडा बरोबर असूनही दाब धरला जात नाही.

मधला व्हॉल्व्ह नखाने हलकेच ओढा. सोडल्यावर तो लगेच परत बसायला हवा. गाडी थंड झाल्यावर वरचा होज आत चेपलेला दिसला तर हा व्हॉल्व्ह चिकटला आहे. बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा, हा प्रकारही बऱ्याचदा इथलाच, नाहीतर बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकलेली असते आणि पाण्याऐवजी हवा ओढली जाते. नळीचं बाटलीतलं टोक पाण्याच्या पातळीखाली बुडलेलं असायला हवं.

पाणी आणि अर्थिंग: आतून खाणारे दोन दोष

घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत टँकरचं पाणी येतं आणि त्यात बोअरवेलचं पाणी असू शकतं. तेच गाडीतही ओतलं जातं. बोअरच्या पाण्यातले क्षार गरम भागावर थर धरतात, अल्युमिनियमच्या बारीक नळ्या चोंदतात आणि उष्णता बाहेर जात नाही. नवी मुंबईत महापालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी येतं. ते बोअरवेलपेक्षा मऊ असलं तरी नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच, म्हणून तेही इंजिनासाठी नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी घ्या. घरच्या आरओचं पाणी अडचणीत चालेल, कायमचं नको.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, कुलंट कशाला?" हा प्रश्न गॅरेजमध्ये हमखास येतो. इथे कुलंट गोठू नये म्हणून टाकायचं नसतंच. त्यातली गंजविरोधी रसायनं अल्युमिनियम, लोखंड आणि पंपाचं सील सांभाळतात, आणि उकळण्याचा बिंदू थोडा वर जातो. ३० ते ५० टक्के प्रमाण पुरे. त्याहून जास्त घातलं तर उलट तोटा, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा (कुलंटमधला मुख्य द्रव) सरस आहे. आपल्या हवेला ४० टक्के हा चांगला मध्य आहे. रंगावरून प्रकार ठरवू नका, रंग हा कंपन्यांचा आपापला निर्णय असतो. डब्यावरचा प्रकार वाचा आणि दोन प्रकार एकत्र करू नका. जुन्या पद्धतीचं हिरवं कुलंट साधारण दोन वर्षांनी बदलावं, दीर्घायुषी प्रकार पाच वर्षांपर्यंत चालतो.

अर्थिंगचा दोष फारसा कुणी तपासत नाही. जुन्या गाडीत नंतर लावलेले हॉर्न, फॉग लॅम्प किंवा पंख्याची वायर यांचं अर्थिंग कुणीतरी रेडिएटरच्या चौकटीला दिलेलं असतं, किंवा इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची पट्टी गंजून तुटलेली असते. मग करंट कुलंटमधून वाट काढतो आणि रेडिएटरला आतून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. नवा कोरा रेडिएटर काही महिन्यांत जाळीच्या मधूनच गळला, तर संशय आधी इथे घ्या.

तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक कॅपच्या तोंडातून कुलंटमध्ये बुडवलेलं, पण धातूला न लागलेलं. इंजिन थंड असतानाच चालू करून कॅप उघडी ठेवा. मग हेडलाइट, पंखा, ब्लोअर, हॉर्न एकेक लावून आकडा बघा, शेवटी स्टार्टर मारतानाही बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.३च्या वर गेला तर ज्या उपकरणाने तो उडाला त्याचं अर्थिंग काढून थेट बॉडीला किंवा बॅटरीला द्या, आणि इंजिन-बॉडी पट्टी नवी लावा. सगळं बंद असतानाही आकडा मोठा असेल तर कुलंट म्हातारं झालं आहे, ते आधी बदला.

जुळवाजुळव

रेडिएटर घेताना एसी की विनाएसी हे सांगून घ्या. त्यांची जाडी आणि पंख्याच्या पकडी वेगळ्या असू शकतात. दुकानात जुना शेजारी ठेवून होजच्या तोंडांची जागा आणि व्यास, थर्मोस्विचचा आटा, खालच्या खुंट्या, काउलची भोकं जुळवा. जुनं काढून नेता येत नसेल तर सर्व बाजूंनी फोटो आणि मापं न्या.

सोबत नवी कॅप, वरचा-खालचा होज, बायपासचा छोटा होज, क्लिपा, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, स्विचचं वॉशर आणि खालची रबरी बुशं घ्या. खालच्या होजमध्ये मूळची स्प्रिंग असेल तर ती नव्यात घाला किंवा स्प्रिंगवालाच होज घ्या. ती पंपाच्या ओढीने होज चेपू देत नाही.

पंपातून ओघळ असेल, कप्पी हाताने हलत असेल किंवा घरघर येत असेल तर पंपही आत्ताच. बऱ्याच जुन्या मारुतींत पंप काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, त्यामुळे बेल्ट आणि टेन्शनर त्याच कामात बदलणं शहाणपणाचं. हे काम टायमिंगची खूण जुळवता येणाऱ्यानेच करावं.

पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुन्या जीपचा तांबं-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकून देऊ नका. टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवून साफ करता येतात आणि गळती डाख देऊन बंद होते. चांगल्या कारागिराने केलेलं हे काम वर्षानुवर्षं टिकतं. अल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी यांना हा न्याय लागू नाही. प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, एका जागी कड पुन्हा दाबली की दुसरीकडे तडा जातो.

काढणं

गाडी सपाट जागी, इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. खाली पसरट टब ठेवा, कॅप उघडा, ड्रेन प्लग सोडा. प्लॅस्टिकचा प्लग जाम असेल तर झटापट करू नका, खालचा होज सैल करून पाणी उतरवा. निघालेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजून लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. ते गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका आणि उघडंही ठेवू नका. ग्लायकॉल गोड असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं ते पितात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलसोबत द्या, पण ऑइलमध्ये मिसळू नका.

जुना होज चिकटला असेल तर पिळा, न निघाल्यास ब्लेडने लांबीत चिरून काढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला की थर्मोस्टॅट हाउसिंगचं तोंड तुटतं. पंख्याचा आणि स्विचचा कनेक्टर काढा, काउलचे बोल्ट सोडा, हे बहुतेक १० नंबरचे असतात. काउल आणि पंखा आधी वर काढला तर रेडिएटर सरळ उचलता येतो. एसीच्या पाइपांना हात लावू नका, कंडेन्सर जागेवरच राहू द्या. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत रेडिएटरच्या टाकीत गिअर ऑइलच्या दोन नळ्या येतात, त्यांना लगेच बूच लावा.

आता कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली जागा उघडी झाली आहे. इथे पानं, माती, कीटकांचा जाड थर निघतो. गाडी वर्षानुवर्षं "तापते" याचं कारण कधी कधी फक्त हेच असतं. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, साध्या नळाच्या धारेने धुवा. कार वॉशचं प्रेशर जवळून मारलं की जाळीचे पातळ पंख मिटतात. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीच्या खाडीकाठच्या गाड्यांत खारट हवेने पंख पिठासारखे झडलेले आढळतात. बोटाने दाबून चुरा झाला तर ती जाळी गेली.

ब्लॉक धुवायला थर्मोस्टॅट काढा आणि नळाचं पाणी वरच्या बाजूने सोडून खालच्या होजमधून स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. ब्लॉकला ड्रेन बोल्ट असेल तर तोही सोडा. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, टॉयलेटचं ॲसिड असलं काही वापरू नका, ते अल्युमिनियम खातात. कधीकाळी गळती थांबवायला हळद किंवा बाजारची पूड टाकली असेल तर ती आता हीटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या तळाशी सापडेल. हीटरचे दोन्ही होज सोडून उलट्या दिशेने पाणी सोडा. अशी पूड भोक बुजवताना बाकीच्या नळ्याही बुजवते, नव्या रेडिएटरमध्ये तिचा कणही जायला नको.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा नाही

"मुंबईच्या हवेला थर्मोस्टॅट लागत नाही" हा सल्ला ऐकला असेल. तो नाकारा. थर्मोस्टॅट नसला की इंजिन पूर्ण गरम व्हायला फार वेळ घेतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये पाणी-पेट्रोल साठतं. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की ती वाट कायम उघडी राहते. बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

नवा बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाण्यात दोरीने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोबत धरा. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे, ९५पर्यंत पूर्ण उघडला पाहिजे आणि ८ मिलिमीटरच्या आसपास उचलला गेला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि छोटं हवेचं छिद्र वरच्या दिशेला.

बसवणं आणि भरणं

रेडिएटर खालच्या रबरी बुशांत नीट बसला पाहिजे आणि वरच्या पकडी घट्ट केल्यावरही किंचित हलला पाहिजे. बुशं नसली की बॉडीचा प्रत्येक धक्का टाकीच्या कडेवर जातो, आणि आपल्या रस्त्यांवर ते वर्षभरही टिकत नाही. होजच्या तोंडांवरचा जुना थर कापडाने पुसा, सिलिकॉन किंवा ग्रीस लावू नका. होज तोंडावरच्या उंचवट्याच्या पुढे सरकवा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवा. प्लॅस्टिकच्या तोंडावर क्लिप रबर दबेपर्यंतच आवळा. थर्मोस्विच हाताने पूर्ण फिरवून पान्याने थोडासाच.

भरताना हिशोब करा. समजा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे सिस्टीम ४ लिटरची आहे, लहान तीन सिलिंडरच्या गाड्यांत साधारण एवढंच असतं. निघालं फक्त अडीच लिटर, म्हणजे दीड लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहिलं, आणि धुतल्यावर ते साधं पाणी आहे. ४० टक्के हवं तर ४ लिटरला १.६ लिटर शुद्ध कुलंट लागतं. तेव्हा आधी १.६ लिटर कुलंट ओता, मग ०.९ लिटर डिस्टिल्ड पाणी. आयतं मिसळलेलं कुलंट आणलं असेल तर हा हिशोब जमत नाही, आतलं पाणी त्याला आणखी पातळ करतं. ब्लॉकमध्ये पाणी राहिलं असेल तेव्हा शुद्ध कुलंटच घ्या. नळाच्या पाण्याने धुतलं असेल तर मोजण्याआधी एकदा डिस्टिल्डने भरून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, थंड करून पुन्हा उतरवा.

हवा काढणं घाईने करू नका, परत गाडी तापण्याचं हे फार मोठं कारण आहे. पुढची चाकं चढावर, हीटरचा दांडा पूर्ण गरमवर, कॅप उघडी. इंजिन मंद चालू ठेवा आणि वरचा होज जाड हातमोज्याने अधूनमधून दाबा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, हळूहळू भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम उतरते आणि वरचा होज गरम होतो. हीटरमधून सलग गरम वारा यायला लागला म्हणजे आतली हवा निघाली. मग पातळी तोंडापर्यंत करून कॅप लावा, बाटली वरच्या खुणेपर्यंत भरा. काही इंजिनांवर हवा सोडण्याचा वेगळा स्क्रू असतो, तो असेल तर आधी तोच वापरा.

पंखा

कॅप लावून मंद चालवत ठेवा. काटा मध्याच्या जरा वर गेल्यावर पंखा लागायला हवा आणि थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. असं दोन वेळा झालं पाहिजे. लागला नाही तर रेडिएटरवरच्या दोन वायरींच्या स्विचचा कनेक्टर काढून त्यातली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा. पंखा फिरला तर स्विच खराब, किंवा हवा अडकून स्विच कोरडा आहे. फिरला नाही तर फ्यूज, रिले, मोटर. मोटरवर ठोकल्यावर फिरत असेल तर कार्बन ब्रश झिजले आहेत.

पंखा फिरतो पण उपयोग होत नाही, असं दिसलं तर दिशा बघा. जाळीच्या पुढे कागद धरा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. वायरिंग बदलताना दोन वायरी उलट लागल्या की मोटर उलटी फिरते आणि रस्त्यावर येणाऱ्या वाऱ्याशी भांडते. काउल नसेल तर शोधून बसवा. त्याच्याशिवाय पंखा स्वतःच्या आकाराएवढ्याच भागातून हवा ओढतो, बाकीची जाळी गर्दीत निकामी राहते.

जुना रेडिएटरच ठेवायचा ठरवला असेल तर चोंदलेला भाग इन्फ्रारेड थर्मामीटरने सापडतो. इंजिन गरम, पंखा बंद, जाळीवर ओळीने रीडिंग घ्या. वरून खाली किंवा कडेकडून कडेकडे तापमान हळूहळू उतरायला हवं, मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथून पाणी जात नाही. चकचकीत धातूवर हे थर्मामीटर कमी आकडा दाखवतं, म्हणून टाक्यांवर आणि पाइपांवर काळी चिकटपट्टी लावून मोजा.

रस्त्यात तापली तर

एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, डावीकडे घ्या. पाणी आहे आणि वाफ नाही असं दिसलं तर इंजिन दोन मिनिटं मंद चालू ठेवा, पंखा आणि पंप उष्णता काढतात. वाफ किंवा धार दिसली तर लगेच बंद. अर्धा-पाऊण तास थांबल्याशिवाय कॅपला हात नको. नंतर जाड ओलं फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस थांबू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्याने हेड वाकतं किंवा तडकतं. एकदा असं झालेल्या गाडीत नंतरची सगळी गळती गॅस्केटच्या खात्यात जाऊ शकते.

काम झाल्यावरचा आठवडा

पहिल्या तीन सकाळी थंड इंजिनात कॅप उघडून पातळी बघा, फक्त बाटली बघून थांबू नका. पहिल्या दिवशी उरलेली हवा निघून पाव-अर्धा लिटर उतरलं तर चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तेवढंच उतरत असेल तर प्रेशर टेस्ट पुन्हा. दोन-तीन दिवसांनी क्लिपा थंड असताना एकदा तपासा, नवं रबर बसतं आणि त्या सैल होतात. जमिनीवर पुठ्ठा टाकून ठेवा, थेंब कुठे पडतो त्यावरून जागा कळते. बाहेर कुठेच ओल नाही, दाब टिकतो आणि पाणी तरी कमी होतं, तर स्पार्क प्लग काढून बघा. बाकी प्लग काळपट आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर पाणी त्या सिलिंडरमध्ये जळतं आहे आणि पुढचं काम हेड उतरवण्याचं आहे.